दोष ग्रहणाचा नव्हता

मी कॉलेजात इतिहास शिकवते. तारखा पाठ असणे आणि एकीशी दुसरी ताडून पाहणे हा माझा रोजचाच उद्योग. पण माझ्या धाकट्या बहिणीसाठी मी एकदा जी तारखांची जुळणी केली, ती कोणत्याही परीक्षेला येणार नाही. तरीही तिच्याइतका उपयोगाचा इतिहास मी आजवर कुणाला शिकवलेला नाही. आज तोच सांगणार आहे. धाकटीने परवानगी दिली आहे. नाव मात्र घालू नकोस म्हणाली.

आमचे घर तुमच्यापैकी अनेकांच्या घरासारखेच. वडील मराठी, आई धारवाडकडची. वडिलांना आम्ही बाबा म्हणतो, आईला अव्वा. देवघरात आरती मराठी, स्वयंपाकघरात रागवारागवी कन्नड. धाकटी लग्न होऊन भोपाळला गेली. सासरची माणसे तीन पिढ्या तिकडे स्थायिक झालेली मराठी. स्वभावाने प्रेमळ, पण सोवळेओवळे आणि पंचांग फार. गोवा एक्स्प्रेस बेळगावहून थेट भोपाळला जाते, म्हणून बाबांनी ‘लांब आहे, पण गाडी बदलायला नको’ असे म्हणून स्थळ पसंत केले होते!

२००९ साल. मार्चच्या २७ तारखेला पाडवा होता, म्हणजे अव्वाच्या भाषेत युगादी. धाकटी सणाला आली होती. गुढी उभारली, बेवु-बेल्ल खाल्ले, दोघी बहिणी मिळून श्रीखंडाला चक्का फेटला. तिची पाळी पाच-सहा दिवस लांबली होती. प्रवासाने झाले असेल म्हणून तिने मला सांगितलेही नाही. ती भोपाळला परतली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, “अक्का, तू मावशी होणार.”

त्याच वर्षी २२ जुलैला, दिव्याच्या अवसेला, खग्रास सूर्यग्रहण झाले. सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा अशी त्याची वाट होती. आपल्याकडे बेळगावला ते खंडग्रासच दिसायचे. भोपाळला सकाळी साडेसहाच्या आधी काही क्षण भर दिवसा रात्र व्हायची. धाकटीला पाचवा महिना. सासूबाईंनी आदल्या रात्रीच बजावले होते की खोलीबाहेर यायचे नाही, सुरी-विळी हातात धरायची नाही, खायचे नाही. पण पोटुशीची भूक ती. पहाटे तिने उशाशी ठेवलेले सफरचंद कापले आणि खाल्ले. सासूबाईंनी ताटलीतली साल पाहिली. बोलल्या काहीच नाहीत.

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितले. मग अव्वा आणि मीच डिंकाचे लाडू बांधून भोपाळची गाडी धरली. २८ नोव्हेंबरला मुलगी झाली. रडली जोरात, वजनही चांगले. पण तिच्या डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, लिंबाएवढा निळसर फुगवटा होता. त्याने डोळा बाहेरच्या बाजूला ढकललेला. अव्वाने बाळ हातात घेतले आणि नुसते “शिव शिव” म्हणाली.

सासूबाईंच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ते निघाले, “ग्रहणात सुरी धरली ना.” धाकटी टाके घातलेल्या अंगाने खाटेवर पडलेली. तिने भिंतीकडे तोंड केले.

डॉक्टर म्हणाले, अश्रूंची पिशवी तुंबली असेल; मसाज करून पाहू, नाही तर उद्या सुईने पाणी काढू. त्यांना दोष देत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातला असा फुगवटा पुष्कळदा अश्रुपिशवीचाच असतो. पण रात्रपाळीला एक वयस्क नर्सबाई होत्या. बाळ रडत असताना त्या वाकून बघत राहिल्या. मग मला कोपऱ्यात नेऊन म्हणाल्या, “ये रोने पे फूलता है, दीदी. पहले फोटो निकलवाइए, सुई मत लगने दीजिए.” मी हट्टाला पेटले. सीटी स्कॅन झाला, पुढे एमआरआय झाला. त्या नर्सबाईंचे नावसुद्धा मी विचारले नाही, याची आजही रुखरुख वाटते. कारण तो फुगवटा पाण्याचा नव्हता. त्यात मेंदूचा भाग होता.

दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयातल्या मेंदूच्या शल्यविशारदांनी आम्हाला समोर बसवून समजावले. त्यांनी कागदावर चित्र काढले, तो कागद माझ्याकडे अजून आहे. आपण कवटी म्हणजे वरची करवंटी समजतो, पण तिला तळही असतो. पुढच्या भागात मेंदू ज्या जमिनीवर टेकतो, तीच जमीन खालच्या डोळ्यांचे आणि नाकाचे छप्पर असते. दुमजली घरासारखे. त्या जमिनीत जन्मतःच भोक राहिले, तर मेंदूची आवरणे, आतले पाणी आणि कधी मेंदूचा तुकडाही खाली उतरतो. कुणाचा नाकाच्या मुळाशी येतो, कुणाचा डोळ्याच्या खोबणीत. याला एन्सेफॅलोसील म्हणतात, आपल्या शब्दांत मेंदूचा हर्निया. बाळ रडले की डोक्यातला दाब वाढतो आणि फुगवटा फुगतो. क्वचित कवटीच्या तळाचे आणखी मागचे, फुलपाखराच्या आकाराचे हाड अपुरे असते. तेव्हा मेंदू डोळ्याच्या मागून पुढे रेटतो आणि अख्खा डोळा नाडीच्या ठोक्याबरोबर हलताना दिसतो.

अशा फुगवट्यात सुई घातली असती तर मेंदूभोवतीचे पाणी गळले असते आणि जंतू थेट आत शिरले असते. हे ऐकताना अव्वाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पुढून येणारा हा प्रकार थायलंड, कंबोडिया, म्यानमार या भागांत अधिक आढळतो, आपल्या देशातही दिसतो. युरोप-अमेरिकेत तो बहुधा डोक्याच्या मागच्या बाजूला असतो. पुढच्या प्रकारांची वर्गवारी थायलंडच्याच सुवन्वेला या डॉक्टरांनी १९७२ मध्ये मांडली. तिच्यातला तिसरा प्रकार, नाकाजवळून डोळ्याच्या खोबणीत उतरणारा, तो आमच्या छकुलीचा. म्हणजे आमच्या घरावर कोसळलेली गोष्ट जगात पहिलीच नव्हती. तिला नाव होते, वर्ग होता, उपाय होता. दुःखाला नाव मिळाले की ते निम्मे होत नाही, पण निदान धरता येते.

मी डॉक्टरांना विचारले, “हे होतं कधी?” त्यांच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. ते म्हणाले, गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांत. तेव्हा गर्भ तिळाएवढा असतो. त्याच्या पाठीवरचा एक चपटा पदर विड्याच्या पानासारखा गुंडाळला जाऊन त्याची नळी बनते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. पुढचे तोंड साधारण पंचविसाव्या दिवशी मिटते, मागचे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. मिटल्यावर वरची त्वचा त्या नळीपासून सुटी व्हायला हवी. अशा बाळांमध्ये पुढच्या टोकाला ती नीट सुटत नाही, आणि नंतर हाडे भोवतीने वाढतात पण तेवढी जागा उघडी राहते, असे मानले जाते.

त्या रात्री भोपाळच्या त्या घरात मी डायरी काढली. जन्म २८ नोव्हेंबर, पूर्ण दिवसांचा. मागे दोनशे सहासष्ट दिवस मोजले की ७ मार्च. त्यात पंचवीस मिळवले की १ एप्रिल. आणि ग्रहण २२ जुलैला. मधे एकशे बारा दिवस!

मी धाकटीच्या खाटेवर बसले आणि तिला ते आकडे दाखवले. “बघ. तू सफरचंद कापलंस, त्याच्या एकशे बारा दिवस आधीच हे घडून गेलं होतं. पाडव्याच्या आगेमागे. तुला दिवस गेलेत हे तुलासुद्धा माहीत नव्हतं तेव्हा.” अव्वा तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “निंदेनू तप्पिल्लव्वा.” तुझे काही चुकले नाही गं. धाकटी त्या दिवशी बाळंतपणानंतर पहिल्यांदा मोकळी रडली.

सकाळी मी तोच हिशेब सासूबाईंपुढे ठेवला. वाटले, वाद घालतील. त्यांनी डायरी बराच वेळ पाहिली आणि विचारले, “मग गॅसमुळे असेल का हो?”

तेव्हा मला उलगडा झाला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा त्या स्टेशनजवळच्या वस्तीत राहत होत्या. चार वर्षांच्या मुलाला, म्हणजे आमच्या जावयाला, पदराखाली घेऊन धावल्या होत्या. पदराने त्याचे नाक-तोंड नीट झाकले गेले होते की नाही, हा प्रश्न त्यांनी पंचवीस वर्षे मनात ठेवला होता. भोपाळात कुणाच्या घरी अधूपण घेऊन बाळ जन्मले की शेजारीपाजारी दबक्या आवाजात ‘गैस का असर’ म्हणतात. वायूचा पुढच्या पिढीवर काय परिणाम झाला, यावर तिथे वर्षानुवर्षे अभ्यास आणि भांडण दोन्ही चालू आहे. तो प्रश्न पीडितांच्या हक्काचा आहे आणि विचारला गेलाच पाहिजे. पण एका बाळापुरते बोट दाखवून कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही की हे त्यामुळेच झाले. सासूबाईंना मात्र दोष ग्रहणाचा असायला हवा होता, कारण तो नसला तर त्यांच्या मते तो त्यांच्या पदराचा होता. सुनेवर ठेवलेला ठपका हा खरे तर स्वतःवरच्या ठपक्यापासून पळण्याचा रस्ता होता. मला त्यांचा राग धरताच येईना.

शस्त्रक्रिया बाळ सात महिन्यांचे झाल्यावर झाली, भोपाळमध्येच. वरची त्वचा शाबूत असली आणि पाणी गळत नसले, तर बाळ थोडे मोठे होऊ देतात. मेंदूचे शल्यविशारद आणि प्लॅस्टिक सर्जन एकत्र उभे राहिले. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, केसांतून चीर घेऊन, कवटी पुढून उघडून आतून भोक गाठायचे. बाहेर आलेला भाग बहुधा निकामी झालेला असतो. तो काढायचा, आवरण पाण्याचा थेंबही गळणार नाही असे शिवायचे, भोकावर तिच्याच कवटीच्या हाडाची चकती बसवायची आणि डोळ्याचा कोपरा जागेवर आणायचा. कवटीच्या आतून जाऊन चेहरा दुरुस्त करण्याची ही वाट पॉल टेसिए या फ्रेंच सर्जनने १९६७ मध्ये रोमच्या परिषदेत जगापुढे मांडली. आम्ही बाहेर बाकावर आठ तास बसलो. सासूबाई आणि अव्वा, एक मराठीत आणि एक कन्नडात, दोघी जप करत होत्या. बाबांनी त्यासाठी वाटणीची दहा गुंठे गहाण टाकली होती.

आज अशा कुटुंबांना एक वाट आहे, ती सांगते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि मज्जानलिकेचे जन्मदोष त्याच्या यादीत अगदी पहिले आहेत. शस्त्रक्रियेची गरज असेल तर तीही या कार्यक्रमातून विनामूल्य व्हावी अशी तरतूद आहे. तुमचे रेशनकार्ड हद्दीच्या इकडचे असो वा तिकडचे, आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा.

शस्त्रक्रियेनंतर धाकटीने डॉक्टरांना पुढच्या बाळाबद्दल विचारले. ते म्हणाले, गर्भ राहण्याच्या आधीपासून फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करा. ती थबकली. “म्हणजे तेव्हा मी ती गोळी घेतली नाही म्हणून हे झालं का?”

मी मनात कपाळावर हात मारला. एक ग्रहण सुटते न सुटते तोच दुसरे लागले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “असा हिशेब मागे लावायचा नसतो.” १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांना ही गोळी गर्भ राहण्याआधीपासून दिली, तेव्हा हे दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. पण शून्य झाले नाही. शिवाय हा पुरावा पाठीच्या कण्याच्या दोषांबाबत जितका भक्कम आहे, तितका पुढच्या बाजूच्या एन्सेफॅलोसीलबाबत नाही. तेव्हा गोळी ही पुढच्या बाळाची काळजी आहे, मागच्या बाळाचा गुन्हा नव्हे.

या गोळीचा इतिहास मी नंतर शोधला आणि तो थेट मुंबईत निघाला. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायका एका विशिष्ट पंडुरोगाने दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत तिने त्यावर काम केले. त्या बायका खातात काय हे बारकाईने पाहिले, माकडांवर प्रयोग केले आणि १९३१ मध्ये लिहिले की यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाच्या स्वस्त खाद्याने, हा पंडुरोग बरा होतो. त्यातले औषधी द्रव्य १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, म्हणून फॉलिक अॅसिड. गिरणगावातल्या ज्या बायकांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत, त्यांच्या रक्तातून सुरू झालेली ही गोष्ट आज जगभरच्या बाळांच्या मेंदूपर्यंत पोचली आहे. मी वर्गात गिरणी संप शिकवते तेव्हा हेही शिकवते.

आता जे कॉलेजातल्या मुलींना सांगते, तेच तुम्हाला. पालक, मेथी, मूग, हरभरा, शेंगदाणे खावेतच. पण एवढ्यावर भागत नाही. मूल हवे असे ठरवाल, त्याच्या निदान महिनाभर आधीपासून आणि पुढे पहिले तीन महिने रोज चारशे मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावे. आधी असे बाळ झाले असेल तर मात्रा दसपट लागते, ती डॉक्टरांनीच ठरवायची. मधुमेह असेल किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील, तर आधीच डॉक्टरांना गाठा. त्यांपैकी काही औषधांनी धोका वाढतो, पण मनाने मात्र ती बंद करू नका. आणि बाळाच्या नाकाशी, कपाळाशी वा डोळ्याशी फुगवटा दिसला तर तो दाबू नका, शेकू नका, कुणाला टोचू देऊ नका. आधी फोटो!

गेल्या वर्षी माझ्या चुलत पुतणीचे लग्न झाले. रुखवतात मी साखरेच्या फण्या आणि चिरोट्यांच्या मागे ती गोळ्यांची बाटली लाल फीत बांधून ठेवली. विहीणबाई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग कारण ऐकून म्हणाल्या, “वल्ले केलसा माडिदिरी.” चांगले काम केलेत.

धाकटीला २०१३ मध्ये मुलगा झाला, धडधाकट. छकुली आता सोळाची. डावा डोळा किंचित पाणावतो. लहानपणी उजव्या डोळ्यावर पट्टी लावून डाव्याला बघायची सवय लावावी लागली, ते काम सासूबाईंनी केले, दोन वर्षे रोज, गोष्टी सांगत. केसांत कानापासून कानापर्यंत वण आहे. ती त्याला आपला हेअरबँड म्हणते.

२०२५ च्या ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होते. रात्री अकरानंतर छकुलीचा फोन आला. ती गच्चीवर होती, ढगांच्या फटीतून तांबूस चंद्र दिसत होता. “मावशी, आजी पण वर आल्या आहेत. दुर्बिणीसाठी रांगेत माझ्या पुढे!” मी म्हटले, दे फोन त्यांना. सासूबाई म्हणाल्या, “बघतेय हो. सुंदर आहे.” मग थोडे थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, “पण जेवण मात्र ग्रहण सुटल्यावरच.”

मी हसले. तेवढे चालेल.